जे पिवळं नव्हतं

१

"मारला ह्यांनी माझा मानूस! ह्ये बघा, ह्ये रगत बघा!"

दीपमाला फाळके सांगलीजवळच्या त्या हळदीच्या गिरणीत शिरली ती ही किंकाळी ऐकतच. दळणखात्याच्या दाराशी गर्दी जमली होती. आत एक बाई गुडघे टेकून बसली होती, ओढणी खांद्यावरून घसरून जमिनीला लागलेली, आणि तिच्यापुढे फरशीवर ओले, लालभडक डाग. एक नव्हे, ठिकठिकाणी.

दीपमाला साताऱ्याची. कारखान्याकारखान्यांतून हिंडून कामगारांना सुरक्षिततेचे धडे द्यायचे हा तिचा व्यवसाय. आग लागली तर काय करायचं, गॅस गळला तर कुठं पळायचं, आणि कुणाचं रक्त सांडलं, कुणी ओकलं, तर ते इतरांना बाधा न होता कसं पुसायचं. या शेवटच्या धड्यामुळं लोक पाठीमागं तिला 'रगतवाली मॅडम' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि तिची काही हरकत नव्हती. उद्या परदेशी खरेदीदाराची माणसं ही गिरणी तपासायला येणार होती, म्हणून मालकाचा पुतण्या जयराज यानं तिला आज मुद्दाम बोलावून घेतलं होतं. सगळा कारभार आता तोच बघायचा.

फरशीवर बसलेली बाई म्हणजे शाहजादी, गिरणीचा फिटर रसूल शिकलगार याची बायको. रसूल काल कामावर आला तो घरी परतलाच नव्हता. फोन लागत नव्हता. सकाळी ती चौकीवर गेली आणि निकम हवालदाराला हाताला धरून आणावं तसं घेऊन आली.

"कुणावर संशय हाय तुमचा?" निकमनं विचारलं.

शाहजादीनं सरळ बोट दाखवलं. "ह्यो. ह्यो ज्योतिबा मुकादम. गेल्याच हप्त्यात त्याची गचांडी धरली हुती ह्यानं."

ज्योतिबा खाली मान घालून उभा होता. पन्नाशीचा गडी, भुवयांपर्यंत हळद. "वैनी, त्यो पट्ट्यावरची जाळी काढून काम करायचा म्हनून बोललो. त्याच्याच भल्याचं सांगत हुतो."

"चला चौकीवर, तिथं सांगा भल्याचं," असं म्हणत निकमनं त्याच्या दंडाला हात घातला.

"थांबा जरा," दीपमाला म्हणाली. "टपरीवरून एक लिंबू आणा कुणीतरी."

लिंबू आलं. तिनं ते दातांनीच फोडलं आणि सगळ्यात मोठ्या डागावर पिळलं. जिथं जिथं रस पडला तिथं तिथं लाल रंग फिटला आणि खालून लख्ख पिवळा वर आला. मग दुसऱ्या डागावर, मग तिसऱ्या. सगळीकडं तेच. हळदीवर सोड्याचं पाणी पडलं की ती लाल होते आणि आंबट पडलं की पुन्हा पिवळी. हे कुठल्याही स्वयंपाकघरातल्या बाईला ठाऊक असतं. शाहजादीलाही ठाऊक होतं. पण नवरा हरवलेल्या बाईला लाल दिसलं की रक्तच दिसणार, त्यात तिचा काय दोष?

"पहाटं सोड्यानं फरशी पुसलीया मी," मागून साळूबाई झाडूवाली म्हणाली. "तपासणी हाय न्हवं उद्या."

सगळ्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. कुणीतरी हसलंसुद्धा. निकमनं ज्योतिबाचा दंड सोडला. "घरात काय वाजलं असंल तुमचं. चार दिसांनी येतोय बघा. न्हाईच आला तर या चौकीवर, घेऊ तक्रार." असं म्हणून त्यानं जीपला किल्ली मारली.

शाहजादी उठली नाही. तिनं मान वर करून दीपमालाकडं पाहिलं.

"ताई, लय शानपन केलंत. एक पोलीस आणला हुता मी, त्योबी घालवलात."

दीपमालाला चपराक बसल्यासारखं झालं. बाई खरंच बोलत होती.

२

तिनं शाहजादीला धरून प्रथमोपचाराच्या खोलीत नेलं, बाकावर बसवलं, पाणी दिलं. शाहजादीनं ते नुसतं हातात धरलं. "सांजच्याला पोरीला शाळंचं बूट घ्यायचं हुतं," ती म्हणाली. "सांगून गेला हुता, तयार ऱ्हा म्हनून. असा मानूस पळून जातो व्हय?"

नजर चुकवायची म्हणून दीपमालानं कोपऱ्यातली लाल पेटी उघडली. रक्त सांडलं तर वापरायची ही पेटी तिनंच मांडून दिली होती: रबरी हातमोजे, जुन्या कापडाचे मोठे चौकोन, ब्लिचिंगच्या पाण्याचा कॅन, मळलेली कापडं बांधून ठेवायच्या पिवळ्या पिशव्या.

हातमोजे नव्हते, कापड नव्हतं. कॅन उचलला तर हातात हलका लागला, तळाला कुठं घोटभर पाणी.

"ज्ञानू!" तिनं हाक मारली.

ज्ञानू म्हणजे कोठीवाला, पेटीची जबाबदारी त्याच्याकडं. तो धावत आला. धुतलेला सदरा, स्वच्छ टोपी. "मॅडम, मी न्हवतो काल. रहिमतपूरला भाचीचा साखरपुडा हुता, सकाळच्या गाडीनं उतरलोय. किल्ली त्या खिळ्याला अडकवलेली असती. कुनीबी घेतंय."

खोटं बोलत नव्हता. काल दिवसभर गिरणीत असलेल्या माणसाच्या कॉलरीला हळद असतेच, कितीही धुवा. ज्ञानूची कॉलर पांढरी होती.

आणि त्या पांढऱ्या कॉलरीकडं बघता बघता दीपमालाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण सकाळपासून लाल शोधतोय. हळदीच्या गिरणीत लालचा काय भरवसा! इथं भिंती पिवळ्या, खांब पिवळे, माणसं पिवळी, कोपऱ्यातली कोळीष्टकंसुद्धा पिवळी. रोज उडणारी पूड रोज सगळ्यावर बसते. म्हणजे इथं जे पिवळं नाही, ते कालचं.

आणि ब्लिचिंगचं पाणी हळदीला आधी लाल करतं, पण मुरू दिलं की तिचा रंग पार खाऊन टाकतं.

"शाहजादी, चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. "ज्ञानू, तुम्हीपण या. पोती हलवायची आहेत."

दळणखात्याच्या टोकाला, मोठ्या दळणयंत्राच्या मागं, हळकुंडांची पोती थप्पीनं लावली होती. तिथं थप्पी लावायची पद्धत नव्हती, कारण यंत्राचा पट्टा जवळ होता. ज्ञानूनं कुरकुरत एकेक पोतं ओढलं. शेवटचं पोतं सरकलं.

साऱ्या पिवळ्या फरशीत एक तुकडा शहाबादीच्या मूळ करड्या रंगाचा होता. स्वच्छ, कोरडा, काल बसवल्यासारखा. आणि तो चौकोनी होता.

रक्त कधी चौकोनी सांडत नाही. आधी त्यावर कापड पसरलं, कापडावर ब्लिचिंग ओतलं, चहा पिऊन होईल इतका वेळ तसंच मुरू दिलं, आणि मग कडेकडून आत घेत गोळा केलं, तरच असा चौकोन उमटतो. हे दीपमालानंच शिकवलं होतं.

दोन फरशांच्या फटीत तपकिरी काहीतरी राहिलं होतं. तिनं उरलेलं लिंबू त्यावर पिळलं.

ते पिवळं झालं नाही.

शाहजादी किंचाळली नाही. तिनं दीपमालाचं मनगट धरलं आणि इतकं आवळलं की बांगडी रुतली. "ताई, जिता हाय का त्यो? येवढंच सांगा. बाकी मला कायबी नगं."

३

"जिवंत असणार," दीपमाला म्हणाली. नुसता धीर द्यायचा म्हणून नाही, तिनं तसा हिशोबच मांडला होता. जीव घेणारा माणूस बादलीभर पाणी ओतून पळतो. इतक्या शिस्तीत, दुसऱ्या कुणाला बाधा होऊ नये अशा बेतानं जो फरशी पुसतो, त्याला रक्त लपवायचं असतं ते तपासणीपासून. हा खून नव्हता, अपघात होता. आणि अपघात झालेला माणूस कुठंतरी नेऊन ठेवलेला होता. तिनं निकमला फोन लावला, "निम्म्या रस्त्यात असाल तिथून फिरा," असं सांगितलं आणि जयराजच्या खोलीत शिरली.

जयराज इस्त्रीच्या शर्टात, समोर चहा. "मॅडम, तुम्ही उद्याचं बघायला आलाय. ह्या बाईच्या नादाला कशाला लागताय? रसूल काल दिवेलागणीला चिडून निघून गेला. मी स्वतः बघितला."

"कसा गेला?"

"गेला आपला. गाडीवरून."

"गाडी फाटकाशी उभी आहे. सीटवर बोटभर पूड बसलीय."

"मग चालत गेला असंल." त्यानं चहाचा घोट घेतला.

"मोठ्या यंत्राच्या पट्ट्यावर जाळी कधी बसवली?"

"ती? ती हायेच की आधीपासनं."

दीपमाला आत्ताच बघून आली होती. जाळी पिवळी होती खरी, पण तिचे बोल्ट चकाकत होते, आणि पान्याचे ओरखडे ताजे होते. काल काम चालू असताना ती जाळी जागेवर नव्हती. ती माणूस कापल्यावर बसवली होती.

"जयराजसाहेब, तुम्हाला माझा तो रक्ताचा धडा आठवतो?"

"मी कुठं होतो त्याला? मी आपला इथंच बसलो होतो."

हेही खरं होतं. लाल पाणी ओतून, कापड टाकून, प्रत्यक्ष हातांनी ते काम शिकले तिघेच: ज्ञानू, मुकादम ज्योतिबा, आणि स्वतः रसूल. जयराजनं हुकूम दिला असेल, पण हा चौकोन त्याच्या हातचा नव्हता. ज्ञानू रहिमतपुरात होता.

बाहेर साळूबाई बादली घासत होती. तिच्या बोटांना हळकुंडं निवडून निवडून चिरा पडलेल्या.

"साळूआक्का, पहाटं पुसताना त्या मोठ्या यंत्रामागं गेला होतात?"

"न्हाई बाई. मुकादमानं जाऊच दिलं न्हाई. म्हनला, आक्का, तुजी बोटं चिरल्यात, तिकडं उघडा हात घालू नगंस, त्येवढं मी केलंय." साळूबाई कौतुकानं हसली. "लय माया हाय बगा त्येला. सख्खा भाऊ करनार न्हाई येवढं करतोय."

माया होतीच. दीपमालाला त्या मायेचीच भीती वाटली. चिरलेल्या बोटांना परक्याचं रक्त लागू नये, हे ज्या माणसाच्या ध्यानात राहिलं, त्यानं रसूलला कुठं नेलं होतं?

४

ज्योतिबा फाटकाजवळच्या नळावर तोंड धूत होता. नळाशेजारची जमीनही इतर जमिनीसारखी पिवळट, फक्त एका जागी दोन गोल तेवढे मातीच्या मूळ रंगाचे. शेजारी शेजारी, घागरीच्या बुडाएवढे.

दीपमाला ते गोल बघत राहिली. तिथं कायम दोन निळे पाण्याचे कॅन असायचे. मागच्या खेपेला तिनं त्याबद्दल विचारलं होतं तेव्हा गडी हसले होते. ते कॅन ज्योतिबाचे. त्याची बहीण जत तालुक्यात, पार कर्नाटकाच्या शिवेला दिलेली. तिकडं उन्हाळ्यात टँकर येईल तेव्हा पाणी. ज्योतिबा बहिणीकडं जायचा तर लाडू-करंजी नेत नसे, दोन कॅन गोडं पाणी भरून नेई. पाण्यावाचून तो त्या दारात कधी गेला नाही म्हणे.

"ज्योतिबा, तुमचे कॅन कुठं गेले?"

त्याचे ओले हात तसेच राहिले.

"काल रात्री गिरणीचा टेंपो घेऊन जतला गेला होतात," ती म्हणाली. "रसूलला टेंपोत घातलंत. आणि निघता निघता हे कॅनपण भरून घेतलेत. कापड कसं टाकायचं, कडेकडून आत कसं पुसायचं, सगळं मीच तुम्हाला शिकवलंय. आता नाही म्हणू नका. ती बाई तिकडं उभी आहे बघा."

ज्योतिबानं शाहजादीकडं बघितलं आणि नळाच्या कट्ट्यावर बसकण मारली. पन्नाशीचा माणूस हुंदके देऊ लागला.

"जयराजसाहेबाला माल निघायची घाई. यंत्र थांबवायचं न्हाई म्हनला. पट्टा घसरत हुता, रसूलनं जाळी काढली आन् चालू यंत्रात हात घातला. उजवं मनगट. लय रगत गेलं, मॅडम. मी टॉवेल आवळून बांधला. म्हनलं, मिरजंला नेऊया. साहेब म्हनलं, मिरजंला पोलीस केस हुनार, तपासणीवाली मानसं फाटकातनंच माघारी जानार, गिरणी बंद पडली तर दोनशे चुली इझतील. तुजी भन जतला हाय न्हवं? तितला कंपौंडर वळखीचा हाय, टाकं घालतोय. तपासणी झाली की आणू."

"आधी माणूस, मग फरशी," दीपमालाचा आवाज चिरकला. "हे मी पहिलं वाक्य शिकवलं होतं की नाही?"

"व्हय मॅडम." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "पर तपासणीवाली लोकं मानूस बघाय येत न्हाईत. फरशी बघाय येत्यात."

"तुमी सोडून आला तवा कसा हुता?" शाहजादीनं विचारलं. ती केव्हा जवळ आली होती कुणालाच कळलं नव्हतं.

"बोलत हुता वैनी. पर बहिनीचा फोन सकाळधरनं लागंना झालाय. तिकडं रेंजच..."

निकमची जीप फाटकात शिरली. तो काही विचारणार इतक्यात शाहजादी मागच्या सीटवर चढून बसलीसुद्धा.

५

कवठेमहांकाळ मागं पडलं तसा ऊस संपला, द्राक्षाचे मांडव संपले. मग नुसती कुसळं, बाभळी, आणि मेंढरांचे कळप रस्ता अडवून. दर वेळी निकम हॉर्न दाबायचा, मेंढरं आपल्याच लहरीत चालायची, आणि शाहजादी दोन्ही हातांनी पुढची सीट धरून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची. ज्योतिबा तिच्याकडं न बघता वाट सांगत होता. रुग्णवाहिकेला दीपमालानं फोन केला होता. ती जतहून निघाली होती, पण वस्ती रस्त्यापासून आत होती आणि पत्ता म्हणून सांगायला तिथं एक वाळलेली विहीर सोडून काही नव्हतं.

ज्योतिबाची बहीण राणी दारातच उभी होती. कन्नड-मराठी एकत्र करून ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती: कंपौंडर आलाच नाही. निरोप धाडला, पुन्हा धाडला. भावानं दम दिला होता, कुणाला सांगू नको, म्हणून शेजाऱ्यांनाही बोलावलं नाही. पहाटेपासून चमच्याचमच्यानं पाणी पाजतेय, भावानं आणलेलंच पाणी.

मेंढवाड्याच्या सावलीत बाजेवर रसूल होता. ओठ पांढरे, अंग गार. उजव्या हाताला टॉवेलावर टॉवेल, त्यावर राणीचं लुगडं, आणि तेही भिजून बाजेखालची माती काळी झालेली. छाती मात्र वरखाली होत होती.

शाहजादी धावली. दीपमालानं सवयीनं आपल्या पिशवीतले हातमोजे तिच्यापुढं केले. शाहजादीनं ते बाजूला सारले.

"माझ्या मानसाला हात लावाय ह्ये घालू?"

तिनं उघड्या हातांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. दीपमालानं स्वतः मोजे चढवले, मनगट वर उचलून गच्च दाबून धरलं, आणि आपल्या हातांतल्या त्या पातळ रबराची तिला आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली. बरोबर तेच होतं, तरी वाटली.

"रसूल," शाहजादी म्हणत होती, "पोरगी बुटासाठी बसलीया रं. ऊठ की."

त्याच्या पापण्या हलल्या. ज्योतिबानं आणि निकमनं बाज खांद्यावर घेतली आणि कुसळांतून रस्त्याकडं पळत सुटले. ज्योतिबाचे पाय अनवाणी होते. चपला कुठं सुटल्या त्याला कळलंही नाही.

६

रुग्णवाहिकेतून मिरजेच्या दवाखान्यात पोचायला दिवस कलला. डॉक्टर तरुण होता, त्यानं होतं नव्हतं ते केलं. रक्त चढवलं, हात उघडला, पुन्हा बांधला. मग बाहेर येऊन त्यानं आधी दीपमालाकडं पाहिलं, कारण अशी बातमी आधी परक्या माणसाला सांगणं सोपं जातं.

शाहजादीला सांगावं लागलं नाही. डॉक्टरचे खांदे बघूनच ती भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली.

"काल रात्रीच आणलं असतं तर?" निकमनं विचारलं.

"हात गेला असता," डॉक्टर म्हणाला. "माणूस राहिला असता."

निकमनं टोपी काढून हातात घेतली. मग जयराजला आणायला माणसं धाडतो म्हणत बाहेर गेला. सकाळी चार दिवस थांबा म्हणून सांगितलं होतं ते त्यालाही आठवत असणार. दीपमालाला रडायचं होतं, पण त्या बाईच्या देखत रडण्याचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटत राहिलं. कोडं तिनं सोडवलं होतं. एका दुपारात, एका लिंबावर. त्याचा काय उपयोग झाला?

ज्योतिबा पळाला नव्हता. तो कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला, रक्तानं माखलेल्या पायांनी, निकम परत यायची वाट बघत उकिडवा बसला होता. शाहजादीनं बराच वेळ त्याच्याकडं पाहिलं. ती ओरडेल, धावून जाईल, असं दीपमालाला वाटलं. पण तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, बाजाराला गेलेला माणूस कुठं भेटला होता असं विचारावं तसं.

"तुमी फरशी पुसत हुता तवा त्यो कुठं हुता?"

"तितंच, वैनी. बाजूच्या पोत्यावर बसला हुता."

"काय म्हनत हुता?"

"वैनी, नगा इचारू."

"काय म्हनत हुता?"

"जाळी मीच काढली, गिरणी माज्यामुळं बंद पडाय नगं, म्हनला. आन् मला दाखवत हुता. पट्ट्याखाली ऱ्हायलंय, हिकडं शिताडं उडल्यात, त्या खांबाला बघ, असं. मी पुसत हुतो आन् त्यो बोट करून दाखवत हुता."

"कंच्या हातानं?"

"आँ?"

"कंच्या हातानं दाखवत हुता?"

"डाव्या. उजवा तर..."

शाहजादीनं मान हलवली. घसरलेली ओढणी तिनं नीट डोक्यावरून घेतली.

"डाव्याच खिशात असतोय त्येचा फोन," ती म्हणाली. "मला लावला असता तर मी आली असती की."